ओपनिंग विकत घेऊन डाव जिंकता येत नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण आहे सांगलीच्या माझ्या पुतण्याशी. तो हे वाचणार आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून फोनवर अर्धवट राहिलेलं इथे पूर्ण करतो. फोनवर तो "काका, आता जमाना बदललाय" म्हणतो आणि माझं वाक्य मध्येच तुटतं. इथे तसं करता येणार नाही.

विषय बुद्धिबळाचा आहे. आमची चौथीतली चुलत नात वर्षभर बुद्धिबळ खेळते आहे. बरं खेळते. आता तिच्या बाबांनी तिच्यासाठी एक कोर्स घ्यायचं ठरवलंय. कोणाचा ते सांगत नाही, त्याची गरजही नाही, कारण असे कोर्स आता गल्लोगल्ली आणि मोबाईलमध्ये झाले आहेत. जाहिरात साधारण अशी असते : पांढऱ्याने ही ओपनिंग, काळ्याने ती ओपनिंग, एवढ्या पाठ करा, जिंकण्याची शक्यता इतकी वाढेल. सोबत एक यादीही आली होती. प्रत्येक ओपनिंगसमोर टक्केवारी. शेअर बाजारातल्या माणसाने शेअर निवडावेत तशी नऊ वर्षांच्या पोरीसाठी ओपनिंग निवडायची. फी बारा हजार.

माझं म्हणणं सरळ आहे. या वयात आणि या पातळीवर कोणती ओपनिंग निवडली यावर हारजीत जवळजवळ ठरत नाही. ती ठरते असं सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे, आणि पैसे हे त्यातलं सगळ्यात लहान नुकसान आहे.

मी काही बुद्धिबळाचा मास्तर नव्हे. शिवाजी विद्यापीठाची मराठी माध्यमातली बी.ए., जन्मभर सातारा जिल्ह्यात मराठी आणि इतिहास शिकवला. पण माझं बालपण सांगलीत गेलं. तिथे बुद्धिबळ येत नसलं तरी ते कानावर पडल्यावाचून राहत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ हे स्वातंत्र्याच्याही आधीपासूनचं. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद पाच वेळा मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या भाग्यश्री ठिपसे, याच सांगलीच्या आणि भाऊसाहेबांच्याच तालमीतल्या. त्यांना १९८७ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधी महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद १९७४ मध्ये सुरू झालं ते वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर भगिनींनी दहा वर्षं घराबाहेर जाऊ दिलं नाही. त्या वाढल्या मुंबईत, पण नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पणत्या म्हणजे मूळ आमच्या सांगलीचंच. यातल्या कोणाच्याही घरी त्या काळात कॉम्प्युटर नव्हता. पुस्तकं होती, तीही मोजकी, आणि समोर बसायला माणूस होता.

पुतण्या म्हणेल, ही जुनी टकळी झाली. ठीक आहे, मग आकडे घेऊ. त्यालाच आकडे आवडतात.

बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची. त्याचा फायदा किती, हे लोकांनी फार पूर्वी मोजलेलं आहे. स्ट्रीटर नावाच्या अभ्यासकाने १९४६ साली एक हिशेब मांडला. १८५१ ते १९३२ या काळातल्या ४५ आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधले ५,५९८ डाव त्याने धरले. पांढरा साधारण ३८ टक्के जिंकला, काळा ३१ टक्के, बाकीचे बरोबरीत. बरोबरीचा अर्धा गुण धरला तर पांढऱ्याला शंभरात ५३.४ गुण. आज लाखो डावांचे साठे आहेत, आणि तरीही आकडा ५४-५५ च्या आसपासच राहतो. म्हणजे पहिली चाल मिळणं, जी या खेळातली सगळ्यात मोठी फुकटची देणगी, तिची किंमत शंभर डावांत चार-पाच गुण.

आता पहिल्या चालीला राजासमोरचं प्यादं दोन घरं सरकवायचं की वजिरासमोरचं? जगात यावर शंभर वर्षं वाद झाले. पण मोठ्या साठ्यात दोन्हींचा निकाल जवळपास सारखा येतो. फरक शंभरात एखाद्या गुणाचा धरू. आमची छोटी वर्षाला स्पर्धेचे फार तर पन्नास डाव खेळते, त्यातले पंचवीस पांढऱ्याने. पंचवीस डावांत तो फरक पाव गुणाचा झाला. पाव गुण, तोही कागदावरचा!

आता दुसरी बाजू बघा. रेटिंगचं जे गणित सगळीकडे वापरतात त्यात दोनशे गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूला शंभरात साधारण ७६ गुण मिळायला हवेत असं धरतात. बरोबरीच्या खेळाडूपेक्षा सव्वीस जास्त. आणि लहान मुलांच्या बाबतीत दोनशे गुण कशाने वाढतात? मोहरा फुकट मारू न दिल्याने. समोरच्याने फुकट ठेवलेला मोहरा दिसल्याने. राजा आणि एक प्यादं शिल्लक असताना वजीर करता आल्याने. शंभर डावांचा हिशेब धरला तर एका पारड्यात एक गुण आणि दुसऱ्यात सव्वीस, आणि आपण बारा हजार टाकतोय एका गुणाच्या पारड्यात.

"पण काका, यादीत काही ओपनिंगची टक्केवारी खरंच जास्त आहे ना?" असेल. इथेच घोडं पेंड खातं.

माझ्या नोकरीच्या काळात एका गावात एक खाजगी क्लास होता. दहावीचा निकाल लागला की त्याची जाहिरात : आमच्या सर्व विद्यार्थ्यांना ८५ च्या वर. आम्हा शिक्षकांना माहीत असायचं की तो क्लास नववीत ८० च्या वर गुण असलेल्यांनाच प्रवेश द्यायचा. हुशार पोरं निवडून घ्यायची आणि त्यांचा निकाल आपला म्हणून छापायचा. ओपनिंगच्या टक्केवारीचं तसंच असतं. एखादी अवघड ओपनिंग मुळात कसलेले खेळाडूच खेळतात, आणि बऱ्याचदा स्वतःपेक्षा कच्च्या खेळाडूसमोर खेळतात. मग तिची टक्केवारी वर जाते. ते गुण ओपनिंगचे नसतात, खेळणाऱ्याचे असतात. एखादा सापळा वर्षभर चालतो, लोकांना उत्तर सापडलं की त्याची टक्केवारी खाली येते. तोवर कोर्स विकून झालेला असतो. खेळाडू सारख्याच ताकदीचे धरले तर फरक किती उरतो, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. विचारलं तर "सर मीटिंगमध्ये आहेत".

आता इतिहास. मी इतिहासाचा मास्तर, तो सोडणार नाही.

आपल्या देशी बुद्धिबळात ओपनिंग अशी फारशी नव्हतीच. नियम गावागणिक थोडे बदलत, पण प्यादं साधारणपणे एकच घर चाले, आजच्यासारखा किल्लेकोट नसे, राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. सुरुवातीला दोन्ही बाजू आपापलं घर हळूहळू बांधत आणि खरी लढाई नंतर. अशा खेळात वाढलेला मीर सुलतान खान हा पंजाबातला माणूस, सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. १९२९ साली तो त्यांच्याबरोबर विलायतेत गेला. पाश्चात्त्य नियम त्याने थोड्याच वर्षांपूर्वी शिकलेले. विंटर आणि येट्स या इंग्लिश खेळाडूंनी त्याला ओपनिंगचे काही धडे दिले, तरी ती बाजू त्याची कच्चीच राहिली. सुरुवातीला तो अडचणीत यायचा आणि मग मधल्या डावात, शेवटच्या डावात समोरच्याला दमवून हरवायचा. अशा माणसाने १९२९, १९३२ आणि १९३३ असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. २०२४ मध्ये जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

आणि तो हरलेला कापाब्लांका काय शिकवतो? १९२१ साली त्याचं नवशिक्यांसाठीचं पुस्तक आलं, त्याची सुरुवात ओपनिंगने होत नाही. पटावर थोडे मोहरे ठेवून मात कशी करायची, इथून होते. जगज्जेता माणूस पुस्तक शेवटाकडून सुरू करतो आणि आपले क्लासवाले सुरुवातीलाच अडकून बसतात.

माझा भाचा टोकियोत नोकरीला आहे. त्याच्यामुळे मला शोगी कळलं, म्हणजे जपानी बुद्धिबळ. पट नऊ बाय नऊचा, प्रत्येकाचे वीस मोहरे, आणि गंमत अशी की मारलेला मोहरा आपला होतो, तो पुन्हा पटावर उतरवता येतो. त्यामुळे बरोबरी क्वचितच. तिथेही ओपनिंगचा वाद आहेच. हत्ती आपल्या जागी ठेवून खेळायचं की बाजूला सरकवून, असे दोन मोठे पंथ. कॉम्प्युटर आल्यापासून हत्ती सरकवणं थोडं तोट्याचं म्हणतात, आणि व्यावसायिक खेळाडूंमध्ये तो पंथ आक्रसला. पण हौशी खेळाडू आजही तो आनंदाने खेळतात आणि जिंकतातही, कारण कॉम्प्युटरला दिसणारा तो बारीकसा तोटा माणसांच्या डावात पाच-दहा चालींत विरून जातो. व्यावसायिक डावांत पहिली चाल करणारा शंभरात साधारण ५२ जिंकतो. २००८ च्या मोसमात तर दुसरी चाल करणारेच किंचित जास्त जिंकले. नव्या कल्पना आल्या, पारडं झुकलं, उत्तरं सापडली, पारडं परत आलं. पाठ केलेल्या गोष्टीचं आयुष्य एवढंच.

त्याच जपानचा सोता फुजिई. २०२३ मध्ये त्याने शोगीचे आठही मोठे किताब एकाच वेळी आपल्याकडे घेतले, असं पूर्वी कोणीच केलेलं नव्हतं. हा मुलगा लहानपणी कशात वाढला? मात करण्याच्या कोड्यांत. २०१५ साली, सहावीत असताना, त्याने ती कोडी सोडवण्याची स्पर्धा जिंकली, व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकून. पाया शेवटाकडचा, आणि ओपनिंगचा अभ्यास त्यावर चढलेला.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण मीच देतो, नाहीतर पुतण्या देईल. २००० साली लंडनमध्ये क्रॅमनिकने कास्पारोव्हचं जगज्जेतेपद घेतलं. कास्पारोव्हला पंधरा डावांत एकही जिंकता आला नाही, आणि त्यात काळ्याकडून क्रॅमनिकने काढलेल्या बर्लिन बचावाचा वाटा मोठा होता. कबूल. जगातले पहिले दोघे भिडतात तेव्हा ओपनिंग महत्त्वाची असते. त्यांच्या बाकीच्या बाजू इतक्या सारख्या असतात की पाव गुणालाही किंमत येते. पण त्या बर्लिनमध्ये होतं काय? आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटावरून उतरतात आणि पुढे वजिराविना लांबलचक डाव. तो खेळायची विद्या क्रॅमनिककडे होती म्हणून ती ओपनिंग चालली. ती विद्या नसलेल्या पोराला बर्लिन पाठ करून दिलं तर नवव्या चालीला तो काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि अगदी वरच्या पातळीवरही शेवट कुठे होतो ते पाहा. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. गुकेश आणि डिंग लिरेन, चौदावा आणि अखेरचा डाव. डाव बरोबरीकडे चाललेला. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला, हत्ती-उंट कटले आणि उरला प्याद्यांचा डाव. तो गुकेश जिंकत होता. अठराव्या वर्षी जगज्जेता! दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी महिनेन् महिने ओपनिंग तयार केल्या होत्या, आणि किताब ठरला तो मुलांना पहिल्या वर्षी शिकवावा अशा ज्ञानावर. पुढच्या वर्षी, २८ जुलै २०२५ ला, आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक घेतला. तोही जलद डावाच्या टायब्रेकमध्ये, शेवटच्या टप्प्यात, घड्याळ संपत आलेलं असताना.

आता मुलांकडे येतो, कारण माझा राग खरा तिथला आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात लहान मुलांची एक स्पर्धा होती, मी बघायला गेलो होतो. तिसरी-चौथीतला एक मुलगा धडाधड चालत होता, पाच-सहा चाली, विचार न करता. समोरच्या मुलीने मध्येच कोपऱ्यातलं एक प्यादं उगाच एक घर सरकवलं. चाल तशी वाईटच होती. पण ती त्याच्या वहीत नव्हती. मुलगा थांबला. छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं, बाबा दिसतात का म्हणून. पंधरा मिनिटं तो तसाच बसून होता. मग काहीतरी खेळला, दोन चालींत घोडा गेला, आणि रडायला लागला. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं काय, तर "लाईन का विसरलास?" तो लाईन विसरला नव्हता हो! लाईन संपली होती. दोघांच्या एकेक चालीनंतर ४०० प्रकारे डाव होऊ शकतो, दोन दोन चालींनंतर १,९७,२८१ प्रकारे. कुठवर पाठ करणार?

मी चाळीस वर्षं वर्गात हेच पाहिलं. अपेक्षित प्रश्नसंच पाठ केलेलं पोरगं प्रश्न थोडा फिरवून आला की पेन खाली ठेवतं. निबंध 'माझी आई' पाठ, आणि आला 'माझी आजी', तर कागद कोरा. त्याला येत नसतं असं नाही. आपल्याला न शिकवलेल्या गोष्टीला आपण तोंड देऊ शकतो, हा विश्वासच कोणी त्याच्यात रुजू दिलेला नसतो. बुद्धिबळाची मोठी देणगी हा विश्वास आहे. त्यातही पाठांतर घुसवलं तर शाळेत काय वाईट होतं?

आणखी एक. जत, आटपाडी, माण, खटाव या भागातून पोरं पहाटेची एसटी धरून स्पर्धेला येतात. डबा बांधून. त्यांच्या बापाकडे बारा हजार नाहीत. त्यांना जेव्हा सांगितलं जातं की आता ओपनिंगचा कोर्स केल्याशिवाय जिंकता येत नाही, तेव्हा ती एक-दोन स्पर्धा हरतात, मान्य करतात आणि यायची बंद होतात. म्हणजे एक खोटी गोष्ट पैसेवाल्यांना विकली जाते आणि तिची किंमत गरिबाचं पोर मोजतं. पट-मोहरे आणि समोर एक माणूस, एवढ्यावर चालणारा हा खेळ. तो महाग करून ठेवायला कोणाला काय अधिकार?

मग करायचं काय? नुसतं विरोधाला विरोध नको, म्हणून सांगतो. ओपनिंगसाठी लहान मुलाला तीन गोष्टी पुरतात : मधली घरं ताब्यात घे, घोडे-उंट लवकर बाहेर काढ, राजाचा किल्लेकोट करून टाक. कुठली तरी एकच साधी सुरुवात वर्षभर खेळावी, म्हणजे तेच तेच प्रश्न पुन्हा समोर येतात आणि त्यांची उत्तरं स्वतः सापडतात. रोज दहा कोडी, एका-दोन चालींत मात करायची. आठवड्यातून एक दिवस फक्त राजा-प्याद्यांचे डाव. प्रत्येक डाव लिहून ठेवायचा आणि हरलेला डाव ज्याच्याशी हरलो त्याच्यासोबतच बसून पुन्हा मांडायचा. याला फी लागत नाही, संध्याकाळ लागते. पुढे मूल खरंच वरच्या पातळीवर गेलं, समोरचे तुल्यबळ भेटू लागले, की ओपनिंगचा अभ्यास जरूर करावा, तेव्हा त्याला अर्थ आहे.

तर बाळा, मुद्दा एवढाच. ते बारा हजार ठेव बाजूला. मे महिन्यात छोटीला घेऊन महिनाभर इकडे साताऱ्याला ये. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसेन. मी फार चांगला खेळत नाही, ती मला हरवेल, आणि मी पहिल्या चालीला काय खेळणार ते कोणत्याच कोर्समध्ये नसेल. सूनबाईंनाही हे वाचून दाखव. त्यांचं मत माझ्या बाजूने असेल असा माझा अंदाज आहे.

बाकीच्या मंडळींनी आपापला अनुभव लिहावा, विरोधात असला तरी चालेल.